आजोबांचा शिकारी कोट आणि जंगलात जायचे कपडे

प्रश्न : माझं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं आहे. आजोबांकडे बंदुकीचा परवाना होता. त्यांचा जाड खाकी ड्रिल कापडाचा शिकारी कोट, कॅनव्हासचे गेटर (बुटावरून पोटरीला बांधायची आवरणं) आणि काडतुसांचा चामडी पट्टा जुन्या ट्रंकेत सापडला. सगळ्याला कुबट आणि डांबरगोळ्यांचा वास आहे. कोटाच्या पाठीवर काळे ठिपके आहेत, एका बाहीवर रक्ताचा जुना डाग आहे. मी शिकार करत नाही. पाखरं-जनावरं बघायला भीमगड अभयारण्याकडे जातो, वनखात्याच्या गणनेत स्वयंसेवक असतो आणि सुगीत रात्री भाताच्या राखणीला जातो. घरी सगळे कपडे एकाच मशीनमध्ये साबण, नीळ आणि वासाचं कंडिशनर घालून धुतले जातात. मित्र म्हणतात, त्या वासानं जनावर पळतं. हे खरं का? दोन वर्षांपूर्वी घेतलेलं रेनजॅकेटही आता आतून ओलं होतंय. कोट वापरता येईल का आणि हे सगळं धुवायचं कसं? – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : धुतल्यानंतर कपड्यात मागे काय उरतं, ते बघायला शिकलात की तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं मिळतील. साबण उरला की जॅकेट गळतं. चमक आणि वास उरला की जनावर बिचकतं. ओल उरली की बुरशी येते. आणि गोचीड उरली तर दुखणं घरात येतं. जंगलाच्या कपड्यावर मातीचा डाग राहिला तर काही बिघडत नाही, म्हणून शुभ्रतेसाठी बनवलेली सगळी सामग्री इथं बाजूला ठेवायची.

कोटापासून सुरुवात करू, पण पाण्याला हात लावण्याआधी खिसे तपासा. बाहेरचे, आतले, अस्तर फाटून आत घसरलेले, सगळे. जुन्या शिकारी कोटात काडतूस राहून जाणं अगदी शक्य आहे. काडतूस सापडलं तर ते उघडू नका, उन्हात वाळवू नका, पाण्यात टाकू नका. कागदी कवचाची जुनी काडतुसं ओलीनं फुगलेली असतात, म्हणून बळ लावून पट्ट्यातून उपसूही नका. परवाना आजोबांचा होता, तुमचा नाही. विनापरवाना जिवंत काडतूस जवळ ठेवणं शस्त्र कायद्यात बसत नाही. पोलीस ठाण्याला आधी फोन करा आणि नेण्याबद्दल ते सांगतील तसं करा.

कोटाची बटणंही नीट बघा. त्या काळात सांबरशिंगाची बटणं लावायची पद्धत होती, कुणी वाघनखाची पिनही लावत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशा वस्तू मालकीच्या प्रमाणपत्राशिवाय बाळगता येत नाहीत, वारसानं आल्या असल्या तरीही. तसं काही आढळलं तर खानापूरच्या वनाधिकाऱ्यांकडे जाण्याआधी वकिलाशी बोला. गुपचूप काढून फेकू नका, विकू तर नकाच.

आता कापड. कोट घराबाहेर, वाऱ्यात, दोरीवर टाका आणि तोंडाला मास्क लावा. बुरशीची पूड नाकात जाऊ देऊ नये. घरात दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर त्यांना लांब ठेवा. मऊ ब्रशनं काळे ठिपके कोरडेच झाडा. ओल्या बुरशीवर ब्रश मारला तर ती धाग्यात आणखी घुसते. मग काखेजवळ, कॉलरपाशी आणि घडीच्या रेषेवर कापड दोन बोटांत धरून हलकेच ताणा. बुरशी सुताचा धागाच खाते, त्यामुळे वरून धड दिसणारं ड्रिल आतून विरलेलं असू शकतं. करकर आवाज झाला, धागे सुटले किंवा पिठासारखी पूड पडली तर तो कोट धुवू नका. वाऱ्यावर टाका, झाडा आणि आठवण म्हणून सपाट घडीत ठेवा. पाण्यात ड्रिलचं वजन दुपटीच्या आसपास जातं आणि विरलेला कोट स्वतःच्याच भारानं फाटतो.

कापड ताण सोसत असेल तर रंग तपासा. ओला पांढरा फडका आतल्या शिलाईवर दोन मिनिटं दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला तर पाणी साधं, थंड आणि भिजवण्याचा वेळ दहा मिनिटांच्या आत. पितळी बटणं उसवून काढता आली तर काढा, कारण ओल्या सुतावर पितळ हिरवं पडतं आणि तो हिरवा डाग सहज जात नाही.

रक्ताच्या डागाला गरम पाणी अजिबात नको. उष्णतेनं रक्तातलं प्रथिन गोठून धाग्याला पक्कं चिकटतं. अर्धी बादली थंड पाण्यात मूठभर मीठ टाकून बाही तासभर बुडवा आणि पाणी दोनदा बदला. जुना डाग एवढ्यानं निघणार नाही. मग एन्झाइम असलेली धुण्याची पावडर एक चमचा, चार लिटर कोमट पाण्यात, अर्धा ते एक तास. कोमट म्हणजे हात सहज बुडवता येईल इतकं. पाणी फार तापलं की एन्झाइम निकामी होतं. तरीही उरलं तर औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसानं डागावर टिपा, फेस आला की थंड पाण्यानं पुसा. बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर तेवढंच पाणी मिसळा. पेरॉक्साइड खाकीचा रंगही उडवू शकतं, म्हणून आधी आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. दोन वेळा करून गेलं नाही तर तिथंच थांबा.

ट्रंकेच्या पत्र्याचे गंजाचे डाग असतील तर त्यावर ब्लीच कधीच टाकू नका. क्लोरीनच्या ब्लीचनं गंज पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून अर्धा तास ठेवा, खळबळून काढा, गरज पडली तर पुन्हा लावा. हे करताना ब्लीच जवळपासही नको. लिंबू किंवा व्हिनेगर ब्लीचमध्ये मिसळलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

सगळा कोट धुण्यासाठी रिठ्यासारखं दुसरं काही नाही. बिया काढलेली १५ ते २० रिठ्याची टरफलं एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा मिनिटं उकळा, फडक्यातून गाळा. या पाण्यापैकी अर्धा लिटर एका मोठ्या बादलीला पुरतं. उरलेलं दोन-तीन दिवसांत वापरून टाका, नाहीतर ते आंबतं. पांढऱ्या कपड्याला रिठ्याची पिवळट झाक येते, खाकीवर ती दिसत नाही. कोट उलटा करून त्यात बुडवा, अर्धा तास ठेवा, मधून मधून हातानं दाबा. धोपटू नका, पिळू नका. उचलताना खांद्याला धरून ओढू नका. खाली जुनी चादर घालून तिच्यासकट उचला, म्हणजे शिलाईवर भार येत नाही. कुबट वास राहिलाच तर शेवटच्या आधीच्या पाण्यात चार लिटरला एक कप पांढरं व्हिनेगर घाला आणि अर्ध्या तासानं साध्या पाण्यातून काढा. डांबरगोळीचा वास मात्र धुण्यानं कमी होतो, जात नाही. तो वाऱ्यानं जातो. आठवडाभर रोज काही तास सावलीत वाऱ्याला टांगा.

बुरशीचे काळे ठिपके बहुतेक राहतील. बुरशी मेली, वास गेला, तरी तिनं सोडलेला रंग धाग्यात उरतो. तो घालवण्याच्या नादात कोट फिकट आणि कच्चा करून घेऊ नका.

आता तुमच्या मित्रांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. सांबर, गवा, रानडुक्कर आणि अस्वल यांचं नाक फार तिखट असतं आणि कंडिशनरचा वास असा बनवलेला असतो की तो बारीक कणांतून धाग्याला चिकटून अनेक दिवस हळूहळू सुटावा. तुमच्या नाकाला तो सवयीनं येत नाही, त्यांच्या नाकाला येतो. पण वासाचा साबण बंद केला म्हणून माणसाचा वास जात नाही. घाम, श्वास, केस, तंबाखू, फोडणी हे सगळं अंगावर असतंच. कुठलाही साबण तुम्हाला बिनवासाचा करणार नाही. कपड्याकडून एवढीच अपेक्षा ठेवा की त्यानं नव्या वासाची भर घालू नये. बाकी काम वाऱ्याची दिशा पाहून बसण्याचं आहे.

मित्रांनी न सांगितलेली अर्धी बाजू डोळ्यांची आहे. बाजारातल्या बहुतेक पावडरींत चमक आणणारी द्रव्यं घालतात. ती सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात. म्हणून सदरा पांढऱ्याहून पांढरा दिसतो. हरणांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. लाल-नारिंगी त्यांना फारसं वेगळं कळत नाही, पण निळ्याकडची बाजू त्यांना आपल्यापेक्षा बरी दिसते. पक्ष्यांचं तर विचारूच नका. त्यांच्या डोळ्यात असे चार प्रकार असतात आणि पुष्कळ पाखरांना अतिनील किरणही दिसतात. जनावर बघायची खरी वेळ पहाट आणि तिन्हीसांज. त्या वेळी उजेडात निळ्याचा वाटा जास्त असतो आणि तेव्हाच तुमची धुतलेली खाकी पँट त्यांना उजळ दिसते. खाकी रंग घेतला म्हणून हे टळत नाही.

हे घरी तपासता येतं. नोटा पाहायला दुकानदार वापरतात तसली यूव्ही टॉर्च घ्या, ३६५ नॅनोमीटरची मिळाली तर उत्तम. अंधाऱ्या खोलीत कपड्यावर मारा. निळसर पांढरी झळाळी दिसली की चमकद्रव्य आहे. साबण विकत घेतानाही हीच कसोटी लावा : चिमूटभर पावडर स्टीलच्या वाटीत पाण्यात विरघळवा आणि टॉर्च मारा, पाणी निळं उजळलं तर तो साबण जंगलाच्या कपड्यांसाठी नाही. 'रंगीत कपड्यांसाठी' किंवा 'लोकरीसाठी' लिहिलेले द्रव साबण पुष्कळदा या कसोटीत पास होतात, पण बाटलीवरच्या शब्दांपेक्षा टॉर्चवर विश्वास ठेवा. ऑक्सिजन ब्लीचच्या पावडरींतही कधी कधी हे द्रव्य असतं. सुताला एकदा चिकटलेली चमक एका धुण्यात जात नाही. बिनचमकीच्या साबणात धूत राहिलात आणि उन्हात वाळवलंत तर ती हळूहळू उतरते. त्यामुळे घाई असेल तर जुन्या पँटपेक्षा नवी, एकदाही पावडरीत न गेलेली पँट बरी.

नीळ वेगळी गोष्ट आहे. ती पांढऱ्याचा पिवळेपणा झाकते, खाकी किंवा हिरव्याला तिचा काहीच उपयोग नाही. कांजी आणि स्टार्चही बंद करा. कडक इस्त्रीची खाकी चालताना खरखरते, स्टार्चवर बुरशी पोसते आणि ट्रंकेतली कसर त्याच्यासाठी कापड कुरतडते.

रोजच्या धुण्यासाठी जंगलाचे कपडे वेगळ्या बादलीत घ्या. मशीनच वापरायची असेल तर आधी ती साबणाविना, गरम पाण्यावर एकदा रिकामी फिरवा आणि साबणाचा कप्पा काढून घासा. कंडिशनर तिथंच साचलेलं असतं. साबण नेहमीच्या निम्मा. हा मुद्दा आपल्या भागात जास्त महत्त्वाचा आहे. खानापूरच्या जांभ्या पट्ट्यात पाणी मऊ असतं, त्यात फेस भरपूर येतो आणि निघायला वेळ लागतो. अथणी-रायबागकडे, काळ्या मातीतल्या बोअरचं पाणी जड असतं; तिथं फेस कमी येतो म्हणून लोक पावडर वाढवत जातात आणि ती कापडात बसून राहते. जड पाण्यात पावडर वाढवण्यापेक्षा बादलीला एक चमचा धुण्याचा सोडा घाला. घामाचा आंबूस वास असेल तर दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा.

तांबड्या मातीचा चिखल ओला असताना धुवू नका. पूर्ण वाळू द्या, ब्रशनं झाडा, मग थंड पाण्यातून काढा. ओल्यावर घासलं की लोहाचा तांबडा गेरू धाग्यात शिरतो. कुसळं, गोखरू, रानमोडीचं बी हेही कोरडं असतानाच बोथट सुरीच्या पाठीनं किंवा बारीक फणीनं काढा आणि कचऱ्यात टाका, परसात झटकू नका. काजूच्या टरफलाचं तेल किंवा बिब्बा लागला असेल तर तो डाग सोडून द्या. कशानंही जात नाही.

मग विसळणं, आणि सगळ्यात जास्त कष्ट इथंच घ्यायचे. दोन पाण्यांतून काढून काम भागत नाही, तीन-चार पाणी लागतात. शेवटचं पाणी पारदर्शक बाटलीत अर्धं भरा आणि जोरात हलवा. वर फेस टिकला तर आणखी एक पाणी. फेस लगेच विरला तर झालं.

रेनजॅकेट दोन वर्षांत गळायला लागलं, त्याचं बहुधा हेच कारण आहे. जॅकेटच्या बाहेरच्या कापडावर पाणी ओघळून जावं असा लेप असतो आणि आतल्या बाजूला पाणी अडवणारा पातळ थर. साबण आणि कंडिशनरचा अंश बाहेरच्या कापडावर राहिला की पाण्याचे थेंब ओघळत नाहीत, कापड ते शोषून घेतं. मग घाम बाहेर पडत नाही, आत दमट होतं आणि आपल्याला वाटतं जॅकेट फुटलं. बाहीवर पाणी शिंपडा. थेंब गोल राहून घरंगळले तर लेप शाबूत आहे. कापड गडद होऊन भिजलं तर आधी नुसतं धुवा : सगळ्या चेन आणि वेल्क्रो बंद, ३० अंशांपर्यंतचं पाणी, बिनचमकीचा द्रव साबण दोन छोटे चमचे, हलक्या हातानं, आणि दुप्पट विसळणं. पिळू नका, निथळू द्या. वाळल्यावर लेबलवर परवानगी असेल तर कमी उष्णतेची इस्त्री वरून सुती फडका ठेवून, वाफेविना फिरवा. उष्णतेनं लेपाचे कण पुन्हा उभे राहतात. तरीही कापड भिजलं तर पाणीरोधक स्प्रे नव्यानं मारावा लागेल. आणि आतला थर पापुद्र्यासारखा सुटत असेल, चिकट लागत असेल, तर त्याला उपाय नाही. ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की तो थर कुजतो, म्हणून ओलं जॅकेट गाडीच्या डिकीत किंवा सॅकच्या तळाशी घडी करून कधीच ठेवू नका. साध्या प्लास्टिकच्या रेनकोटला यातलं काहीच नको. ओल्या फडक्यानं पुसा, सावलीत टांगा.

गोचिडींबद्दल जास्त गांभीर्यानं बोललं पाहिजे. आपल्याकडे मंगन काइले म्हणून ओळखला जाणारा माकडताप १९५७ मध्ये शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. गेल्या दशकात तो चोर्ला घाटाच्या पलीकडं गोव्यातल्या सत्तरीत आणि शेजारच्या, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही आढळला. तो पसरवणाऱ्या गोचिडींची पिल्लं थंडी ओसरताना आणि उन्हाळ्यात, म्हणजे तुम्ही जंगलात जास्त जाता तेव्हाच, जास्त असतात. खसखशीएवढी, डोळ्याला सहज न दिसणारी. थंड पाण्यानं धुतल्यानं त्या मरत नाहीत. मशीनमधून जिवंत बाहेर येतात.

म्हणून जंगलातून आल्यावर कपडे घरात नेऊ नका. अंगणात किंवा पडवीत बदला, कपडे थेट बादलीत टाका, आणि अंग, काखा, कानामागं, गुडघ्यामागं तपासा. सुती पँट-शर्टवर निम्मं उकळतं आणि निम्मं नळाचं पाणी ओता. दोन्ही मिळून साधारण ६० अंश होतं. वर झाकण ठेवून पंधरा मिनिटं राहू द्या, मग नेहमीसारखं धुवा. ५५ अंशांच्या खाली भरवसा नाही. रक्ताचा डाग असेल तर ती बाजू गरम पाण्याआधी थंड पाण्यात काढून घ्या. जॅकेटला हे गरम पाणी चालत नाही; त्याच्या चेनच्या पट्ट्या, खिसे, टोपीची घडी उलटून बघा, चिकटपट्टीनं टिपा आणि दोन दिवस बाहेरच टांगून ठेवा. ड्रायरची सोय असलेली लाँड्री जवळ असेल तर कोरडे कपडे तेज उष्णतेवर दहा मिनिटं फिरवले की गोचिडी मरतात. कपडे ओले असतील तर जास्त वेळ लागतो.

जनावरांच्या गोचिडींवर मारतात ते औषध, सायपरमेथ्रीन असो वा दुसरं काही, कपड्यावर फवारू नका. ते माणसाच्या कपड्यासाठी बनवलेलं नसतं आणि घामासोबत कातडीवर येतं. कपड्यासाठीचं ०.५ टक्के परमेथ्रीन वेगळं मिळतं. ते वापरलंत तर बाहेर फवारा, पूर्ण वाळल्यावरच घाला, ओलं असताना मांजरीपासून लांब ठेवा आणि त्याचं पाणी ओढ्यात सोडू नका, माशांना ते घातक आहे. आरोग्य केंद्राकडून मिळणारं, गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल उघड्या कातडीला लावायचं असतं, कपड्याला नाही. गोचीड चावल्यावर आठवडाभरात ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि जंगलात गेलो होतो हे आधी सांगा.

पावसाळ्यातले जळवांचे मोजे उलटे करून झटका. शिवणीच्या आत जळू लपून राहते. मीठ किंवा तंबाखू लावली असेल तर ती पूर्ण धुवून काढा, कारण मीठ हवेतली ओल ओढतं आणि मोजे कधीच वाळत नाहीत. जळू चावल्यावर रक्त लवकर गोठत नाही, डाग मोठा होतो, पण ताजा असल्यानं थंड पाण्यानं सहज निघतो.

राखणीच्या कपड्यांचा हिशेब उलटा आहे. तिथं लपायचं नसतं. अंधारात दुसऱ्या राखणदाराला आणि रस्त्यावरच्या गाडीला तुम्ही दिसले पाहिजेत, म्हणून खाकीवर चमकणारी पट्टी असलेलं जाकीट घाला. दांडेलीकडून हत्ती उतरतात त्या शिवारात तर कपड्याच्या भरवशावर अजिबात राहू नका. त्या पट्टीला इस्त्री, ब्लीच आणि घासणं चालत नाही; जाकीट उलटं करून हातानं धुवा. घोंगडं असेल तर ते धुवायच्या फंदात न पडता महिन्यातून एकदा उन्हात टाका आणि काठीनं झटका. घोंगड्याच्या लोकरीत असलेली चरबीच पाणी अडवते, साबण ती काढून टाकतो.

गेटरवर नख ओढून पांढरी रेघ उमटली तर ते मेण चढवलेलं कॅनव्हास आहे. त्याला साबण आणि गरम पाणी दोन्ही वर्ज्य. थंड ओल्या स्पंजानं पुसा. मेण उडालं असेल तिथं दोन भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाश्यांचं मेण, पाण्याच्या पातेल्यात ठेवलेल्या डब्यात वितळवून वडी पाडा, ती कापडावर घासा आणि केस वाळवायच्या ड्रायरनं मुरवा. थेट आचेवर मेण वितळवू नका, पेट घेतं. गेटर घालून शेकोटीजवळ बसूही नका. मेण नसलेलं साधं कॅनव्हास कोटासारखंच रिठ्यात धुवा.

काडतुसांच्या चामडी पट्ट्याला पाण्यात बुडवायचं नाही. बुरशी बाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा, मग निम्मं सर्जिकल स्पिरिट आणि निम्मं पाणी घेतलेल्या फडक्यानं एकदा हलका हात फिरवा, सावलीत दिवसभर वाळू द्या. नंतर एरंडेलाचे चार-पाच थेंब फडक्यावर घेऊन पातळ चोळा. भरपूर तेल ओतलं की चामडं लिबलिबीत होतं आणि पुन्हा बुरशी धरतं. शिवण उसवली असेल किंवा चामडं तडकलं असेल तर अथणी किंवा निपाणीच्या चप्पल बनवणाऱ्या कारागिराला दाखवा. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात आपला जिल्हाही आहे. जुन्या कमावलेल्या चामड्याला कुठला दोरा आणि किती तेल, हे या लोकांना हातानंच कळतं. पट्टा देण्याआधी काडतुसांचे सगळे कप्पे रिकामे आहेत ना, हे पुन्हा एकदा बघा.

राहिलं साठवणं. मृगाआधी, उन्हं कडक असताना सगळं पूर्ण वाळवा. जाड शिवण, कॉलर आणि खिशाचा तळ गालाला लावून बघा. गार लागलं तर आत ओल आहे. कोट बांबूच्या काठीवर बाह्या पसरून, उलटा करून सावलीत वाळवा आणि शेवटी तासभर ऊन दाखवा. पावसात वाळवायची वेळ आलीच तर पंख्याखाली सहा-आठ तास, आणि दोन कपड्यांत हातभर अंतर. स्वयंपाकघरात किंवा चुलीवर नको, धुराचा आणि फोडणीचा वास आठवडाभर राहतो.

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो, आणि कणकुंबी-जांबोटीला जून ते सप्टेंबर ती त्याहून खाली येणं कठीण. म्हणून पत्र्याची ट्रंक सोडा. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात कपडे सैल घडीत ठेवा आणि शंभर ग्रॅमच्या दोन-तीन सिलिका जेलच्या पिशव्या टाका. रंग बदलणारे दाणे घेतलेत तर ते कधी भरले ते कळतं. ११०-१२० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये तापवले की पुन्हा कामाला येतात. किराणा दुकानात मिळणारे ओल शोषणारे डबे कपड्यांसोबत ठेवू नका, त्यांत खारं पाणी साठतं आणि कलंडलं की कापड खराब होतं. कडुनिंबाचा ताजा पाला तर नकोच, तो स्वतःच ओल सोडतो. डांबरगोळ्या लोकरीच्या कसरीसाठी असतात. बुरशीवर त्यांचा उपयोग नाही, आणि तान्ह्या बाळाच्या घरात त्यांची वाफ धोक्याची ठरू शकते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, कोरडी उघडीप मिळेल त्या दुपारी डबा उघडून कपडे झटका. बूट डब्यात घालू नका. आत वर्तमानपत्र कोंबून, ते दोन-तीनदा बदलून, आतले तळवे बाहेर काढून उघड्यावर ठेवा.

कोट धड निघाला तर थंडीच्या दिवसांत जरूर वापरा. जाड सुताचा आवाज होत नाही आणि खाकी रंग आपल्या पानझडी रानात चांगला मिसळतो, त्यामुळे बेळगाव कॅम्पातल्या दुकानांतून लष्करी ठिपक्यांचे कपडे आणायची गरज नाही. सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून लष्करी पेहराव करणं गुन्हा आहे, आणि तपासनाक्यावर तुमचा हेतू समजावत बसावं लागेल. पावसात मात्र हा कोट घालू नका. एवढं ड्रिल एकदा भिजलं की जांबोटीच्या हवेत वाळायला तीन-चार दिवस घेतं, आणि तेवढ्यात पाठीवर पुन्हा ठिपके येतात.